नामदेवची झील

८ फेब्रुवारी
सुजातानं पुण्याहून पाठवलेलं खोकं आलं. दोन बटणांचं, पायानं दाबायचं पॅडल. मोबाइलमधल्या ॲपला वायरीशिवाय जोडतं. डावं दाबलं की आवाज भरायला लागतो, परत दाबलं की भरलेला तुकडा गोल गोल वाजत राहतो. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. उजव्यानं थांबतं. पोरगी व्हिडिओवर इथल्या हिंदीत म्हणाली, "पापा, अब आप अकेलेच पूरा मंडल हो." हसत होती. मला काही हसू आलं नाही.
सात जणांचं आमचं भीमगीतांचं मंडळ. ढोलकीवाला वारला, खंजिरीवाला रिटायर होऊन नागपूरला गेला, दोघं पोरांकडे. एकाला गुडघ्यांमुळे स्टेजवर बसवत नाही. उरलो मी आणि नामदेव. मी पेटी धरून गायचं, त्यानं झील धरायची, म्हणजे माझी ओळ मागून उचलायची.

११ फेब्रुवारी
नामदेव दुर्गहून आला, सायकलवर. पॅडल पाहून, "हे काय शिलाई मशीन आणली बे?"
करून दाखवलं. पेटीचा थर, त्यावर टेबल बडवून ठेका, त्यावर माझीच झील. तो ऐकत बसला. मग म्हणाला, "मंग मले कायले बोलावलं? तुह्या मशीनलेच चहा पाज."
चेष्टाच. पण चहा अर्धा ठेवून गेला. दिवाळीपासून घसा बसलाय त्याचा. तीस वर्षं रसमड्याच्या कारखान्यात भट्टीपुढे काढली, तिथं कोणाचा घसा धड आहे म्हणून आम्हीही मनावर घेतलं नाही.

१७ फेब्रुवारी
रायपूरच्या डॉक्टरांनी नामदेवचा घसा तपासून सांगितलं. कॅन्सर. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, मग जीव वाचेल म्हणतात.
दुपारी त्याच्या बायकोचा, शांतावैनींचा फोन. "भाऊजी, मंग ते बोलतीन ना?" मी म्हटलं, डॉक्टरले विचारू. विचारायचं काय राहिलं होतं त्यात. वेळ मारून नेली.


२४ फेब्रुवारी
पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मीच विषय काढला, की नामदेव, एकदा तुझी झील भरून ठेवू. माझी बायको सुमन, तिला जाऊन सहा वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठंच नाही. हे त्याला सांगावं लागलं नाही.
'माय सही शिकली' घेतलं. त्याचंच गाणं, त्याच्या आईवरचं. अंगठा उठवणारी बाई साठीत सही शिकली, ती गोष्ट. दोनदा खोकल्यानं मोडलं. तिसऱ्यांदा लागलं. "सही शिकली होऽ" मधला 'हो' तो नेहमीसारखा जरा उशिरा, वरच्या पट्टीत घेतो. पाव श्वास मागे. तीस वर्षं मी त्याला त्यावरून शिव्या दिल्या. आज तसंच भरून घेतलं.
जाताना म्हणाला, "चौदा एप्रिलले समोर खुर्चीत बसून मीच मले ऐकीन. ऐश आहे आपली." मग दारात थांबून चप्पल शोधत राहिला. चप्पल पायातच होती.

५ मार्च
ऑपरेशन झालं. सात तास. गळ्याला भोक, त्यातून श्वास. उशाशी वही-पेन.
शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द लिहिला, 'बिडी'. वैनींनी वहीच हिसकावली. रडत-हसत होत्या. मीही.

१२ मार्च
रोज सकाळी सराव. पॅडल दाबायचं, नामदेवची झील सुरू होते, मी गातो. टाउनशिपच्या सेक्टर २ मधली ही गल्ली सकाळी दहानंतर मोकळीच. वाटतं, तो मागे बसलाय. एक-दोनदा मागे वळून पाहिलंही. म्हातारचळ, दुसरं काय.

१९ मार्च
घडलं तसं लिहून काढतो.
आमच्या मंडळात झील थांबवायची खूण हातानं नसते, हात पेटीवर असतात. मी टाच फळीवर दाबून धरायचो. टाच दाबलेली असेपर्यंत झीलवाले गप्प. उचलली की पुन्हा सुरू. आयुष्यभराची सवय.
आज गाण्यात रंगलो. कडव्याच्या शेवटी टाच दाबून धरली. पॅडलवर. उजव्या बटणावर. ते दाबून धरलं की सगळं पुसलं जातं, हे सुजातानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोबाइलचा पडदा कोरा.
घाबरून डावं दाबलं, परत दाबलं. त्यानं मी धापा टाकतोय तेवढं भरलं आणि तेच गोल गोल वाजवत राहिलं.

२० मार्च
सुजाताला फोन. "पापा, सेव्ह नहीं किया था?" नव्हतं केलं. रोज वाजत होतं, म्हणजे आहेच असं धरून चाललो. कॅसेट घरात असली की गाणं घरात, इतकीच आमची अक्कल. ती म्हणाली, नुसतं पुसलं असतं तर मागे घेता आलं असतं, वरून नवं भरल्यामुळे तेही गेलं. मग हळूच, "पापा, आप रो रहे हो?" फोन ठेवला.
जुने व्हिडिओ पाहिले. चार-पाच जणांचा कल्ला, मागे डीजे. त्यातला नामदेव वेगळा निघत नाही.
मी माझ्या मित्राचा आवाज टाचेखाली चिरडला. याला दुसरं नाव नाही.

२८ मार्च
दुर्गला गेलो, सांगायचंच ठरवून. नामदेव वाळून काडी झालाय. मला बघताच वही ओढली. 'मी कसा वाजून राहिलो?'
म्हटलं, "एक नंबर."
लबाड माणूस मी. येताना वैनी फाटकापर्यंत आल्या. "घरात लय शांत वाटते, भाऊजी. त्यायच्या शिव्याई आठवतात."

६ एप्रिल
जे करतोय ते लिहायलाही लाज वाटते. नामदेवची झील मीच गातोय. माझा आवाज वर जात नाही, म्हणून खाली गाऊन ॲपमध्ये दोन सूर वर चढवतो. 'हो' मुद्दाम उशिरा घेतो. ज्या चुकीसाठी त्याला तीस वर्षं बोललो, ती आता घासून घासून शिकतोय. एकविसाव्या खेपेला जवळ आलं. सेव्ह केलं. तीन ठिकाणी.

१४ एप्रिल
कार्यक्रम झाला. नामदेव पहिल्या रांगेत, गळ्याला निळा गमछा, शेजारी वैनी. पोरांनी डीजे दहा मिनिटं बंद ठेवला, उपकारच.
झील सुरू झाली. वैनींनी पदर तोंडात धरला, खांदे हलत होते. नामदेव मांडीवर ठेका धरून होता. पहिली ओळ गेली, 'हो' आला. त्याची बोटं थांबली. मग पुन्हा सुरू झाली. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढची दोन कडवी मी कशी गायलो, आठवत नाही.
लोक येऊन पाया पडत होते. "काका, कमाल कर दिए." मी गर्दीतून मागच्या मागे निघून आलो.

१७ एप्रिल
वैनींचा फोन, दुसऱ्यांदा. "भाऊजी, त्यायचा तो आवाज माह्या फोनमध्ये टाकून द्या ना." म्हटलं, नेट चालत नाही. उद्या काय सांगू?

१९ एप्रिल
दोघं सकाळी ऑटो करून घरीच आले. नेटचं कारण संपलं. वैनींनी त्यांचा फोन टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.
मी आणि नामदेव. मी म्हटलं, "नामदेव, ते..." त्यानं हात वर केला. वहीत लिहिलं, 'तो मी नाही. तू आहे.'
सगळं सांगितलं मग. टाच, बटण, सगळं. तो ऐकून घेत होता. गळ्याच्या भोकातून श्वासाचा आवाज तेवढा. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं पुन्हा वही ओढली. मग लिहिलं, 'तिले दे. सांगू नको.'
मी म्हटलं, "अरे, खोटं आहे ते."
त्यानं 'तिले दे' खाली दोन रेघा ओढल्या.
वैनी चहा घेऊन आल्या. "काय लिवून राहिले एवढं?" त्यानं पान फाडून खिशात घातलं, नव्या पानावर लिहून दाखवलं, 'साखर कमी.' त्या हसल्या. मला म्हणाल्या, "रोज संध्याकाळी लावीन, भाऊजी. त्यायच्याच बाजूले बसून ऐकीन." नामदेव कपात बघत होता.
फोन इथंच ठेवून गेल्या. उद्या घ्यायला येतील. फाइल तयार आहे. अजून टाकली नाही.