फडक्यानं झाकलेलं पातेलं

सोलापूर, शनिवार, मे १९७३

आज स्वतःचीच लाज वाटतेय. बायकोला, सुमनला, सांगायची हिंमत नाही, म्हणून इथं लिहितोय.

हिप्परग्याचं तळं आटत चाललंय. मासे किती उरलेत ते पाहायला आम्ही मत्स्यखात्याच्या माणसांनी सकाळी दोन होड्यांच्या मध्ये जाळं बांधलं आणि पाण्याच्या वरच्या थरातून ओढत नेलं. काठाला आलो तर माणसं भांडी घेऊन उभी. हे मासे मोजून तपासणीसाठी औषधाच्या बरणीत जातात, खायला नसतात, हे त्यांना कोण सांगणार? मोठे साहेब वैतागले. तेवढ्यात गर्दीतून माझी आत्या पुढं आली. ती दुष्काळी कामावर खडी फोडते. हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं. आता ही साहेबांसमोर नातं सांगणार, मासे मागणार!

मीच ओरडलो, "ए बाई, मासे मिळणार नाहीत. मागं सर!"

ती थबकली. माझ्याकडं नीट पाहिलं अन् म्हणाली, "व्हय साहेब, सरते की."

साहेब! आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, ती मला साहेब म्हणाली.

संध्याकाळी घरी आलो तर तेच पातेलं, तेच फडकं, चुलीपाशी. आत हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, वर दोन भाकरी. माझ्यासाठी आणलं होतं. तिला स्वतःला पोटभर मिळतं का, कोण जाणे.

सुमन म्हणाली, "आत्या देऊन गेल्या. एवढ्या उन्हात तळ्यावर जाऊन आल्या, पण तुम्ही कुठं दिसलाच नाहीत म्हणे."

मी मान डोलावली आणि जेवायला बसलो.