सूचीतून गाळलेली ओळ

प्रिय युई,

'प्रिय' लिहून मी बराच वेळ थांबले. खोडावं असं वाटलं, पण तेवीस वर्षांची सवय आहे, आणि खाडाखोड केलेलं पत्र मी पाठवत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा राहू दे. त्या शब्दावर विसंबून पुढचं वाचू नकोस, एवढंच.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. विद्यासभेच्या वार्षिक बैठकीचं निमंत्रण, चहापानाची वेळ आणि मध्ये घडी घालून ठेवलेला तो ठराव. त्यावर तुझी पिवळी चिठ्ठी: "फाय, खाली सही कर, बाकी मी बघते." ठराव मी चार वेळा वाचला. बान मे सात या गावच्या विहारातून आणलेल्या एकतीस ताडपत्री पोथ्या गावाने सभेला दान दिल्या असं मानावं आणि त्या कायमच्या आपल्या संग्रहात दाखल कराव्यात. आधार काय, तर सूचिकार फाय यांनी केलेली सूची, कारण पोथ्या परत द्यायच्या असल्याचा उल्लेख तीत कुठेच नाही. म्हणजे चोरी तुझी आणि साक्ष माझी. शब्द कडक वाटला तर वाटू दे. गुळमुळीत शब्द मी नऊ वर्षं वापरून पाहिले.

तू बदललीस असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. चियांग माईला कॉलेजात जुनी लिपी शिकताना तू माझ्या वह्या "उद्या देते गं" म्हणून न्यायचीस आणि परीक्षा संपल्यावर मीच त्या तुझ्या खोलीतून उचलून आणायचे. तेव्हा हसायचे. आता तू लान्ना या आपल्या जुन्या राज्याचा इतिहास जपणाऱ्या सभेची चिटणीस आहेस. पांढरे हातमोजे घालून पाहुण्यांना पोथ्या दाखवतेस आणि "आम्ही नसतो तर हे सगळं वाळवीनं खाल्लं असतं" म्हणतेस. गेल्या नोव्हेंबरात हे बोललीस तेव्हा मी मागच्या रांगेत होते. दोनशे वर्षं ज्यांनी वाळवीला पेटीजवळ फिरकू दिलं नाही, त्या गावाचं नावसुद्धा तू घेतलं नाहीस.

आपण तिथे गेलो तो दिवस तुला आठवत नसेल, म्हणून लिहिते. तुझी जुनी पिकअप, मागे रिकामे खोके. विहारातले, एका डोळ्याने अधू असलेले वृद्ध भंते, ज्यांना सगळं गाव तुलुंग म्हणतं, ते पेटीशेजारी चटईवर बसले होते. फोटो काढण्यापुरत्या पोथ्या हव्यात, असं आपण सांगितलं. त्यांनी कागद मागितला नाही. एकच विचारलं, "वाळवणाच्या आधी येतील ना?" तू हात जोडून म्हणालीस, "येणार म्हणजे येणार, भंते. मी स्वतः आणीन." थंडीतल्या पौर्णिमेला तिथे पोथ्यांना ऊन देतात. प्रत्येक घराची एक पोथी, आणि त्या घरातल्या बाईने वर्षभरात विणलेलं एक नवं कापड. ऊन दाखवून झालं की जुनं सोडायचं आणि नव्यात बांधायचं. पोथीला हात भिक्षूंचा, अंगावरचं कापड मात्र बाईचं. कुणी आपल्या लग्नातल्या वस्त्राचा काठ लावते, कुणी गेलेल्या लेकीच्या दुपट्याचा तुकडा.

खोके भरताना पोथ्यांना बांधलेल्या, नाव कोरलेल्या लाकडी पट्ट्या आपण सोडून तिथेच टाकल्या. "आपले नंबर असतात की," तू म्हणालीस. इथे आल्यावर किडीच्या भीतीने कापडंही सोडली. त्यातली सात आज तुझ्या काचेच्या कपाटात 'वस्त्रकला' म्हणून टांगलेली आहेत. विणणाऱ्यांपैकी तिघी जिवंत आहेत, पण कपाटावर 'विणकर अज्ञात' असं लिहिलंय. विचारलं असतंस तर नावं मिळाली असती.

फोटो आठ महिन्यांत झाले. मग नवी खोली बांधायला निघाली, मग तपासणी, मग "पावसानं रस्ता गेलाय". मी दर वर्षी विचारलं. किती जोरात विचारलं, हे मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर बरं येत नाही.

गेल्या पौर्णिमेला तुला न सांगता मी गावी गेले. पोथ्या नाहीत म्हणजे वाळवणही बंद पडलं असेल, असं मी धरून चालले होते. विहाराच्या अंगणात चटया अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर एकतीस लाकडी पट्ट्या ओळीने उन्हात ठेवलेल्या. दुपारी एकेक बाई पुढे आली, नवं कापड भंत्यांसमोर ठेवलं, आणि त्यांनी त्यात ती नुसती पट्टी गुंडाळून, वरून पोथीला देतात तेवढेच सुताचे वेढे देऊन, पेटीत ठेवली. नऊ वर्षं ते हेच करतायत. मला ओळखलं ते कामसाय आजीने. पंच्याऐंशीची बाई, तोंडात पान, गुडघ्यावर कापड. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आल्या का सभेच्या बाई? काय गं पोरी, अजून वाचूनच होतंय होय? आमचे तुलुंग एका पावसाळ्यात सगळ्या संपवायचे, तेही एका डोळ्यानं." बायका हसल्या. मीही हसले आणि मग कुठे बघावं कळेना. तुलुंग तिला हळूच म्हणाले, "असू दे. मोठी माणसं आहेत, सावकाश वाचत असतील." युई, तो माणूस अजून समजतो की आपण वाचतोय. आजीच्या टोमण्याने मला काही झालं नाही. ह्याने झालं. त्यांनी बांबूतला भात पुढे केला, मी तो खाल्ला, आणि पोथ्या का अडल्यात याबद्दल चकार शब्द न बोलता परत आले. भित्रेपणात मी तुझ्या मागे नाही.

आता त्या ओळीबद्दल. शेवटच्या पानावर लेखनिक काय लिहायचे ते तुला पाठ आहे: दात्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, "अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, हसू नका". आणि एकतीसपैकी सव्वीस पोथ्यांत त्यापुढे अजून एक ओळ आहे: "ही या विहाराची. वाचायला न्या, वाचून झाली की आणून ठेवा." ही ओळ सूचीत नाही. ती गाळायला तू लावलंस, असं या पत्रात लिहायचं मी ठरवलं होतं. खात्रीसाठी त्या वर्षीची डायरी काढली. त्यात माझ्याच अक्षरात आहे: "शेवटची ओळ सगळीकडे तीच. गाळली तर चार पानं वाचतील. युईला सुचवलं, ती हो म्हणाली." तर ते पाप माझं. तू फक्त हो म्हणालीस, आणि मग नऊ वर्षांनी त्या मोकळ्या जागेत दानपत्र लिहून घेतलंस.

म्हणून हे पत्र. मी सही करणार नाही, पण तेवढ्याने भागत नाही. सभेच्या नियमांत एक कलम आहे, तूच घातलेलं: सूचीतली चूक सूचिकाराने बैठकीच्या पंधरा दिवस आधी चिटणिसाला लेखी कळवावी, आणि चिटणिसाने ती बैठकीत स्वतः मोठ्याने वाचून दाखवावी. बैठकीला आज सोळा दिवस आहेत. सोबतच्या कागदांवर सव्वीसच्या सव्वीस ओळी पोथीच्या क्रमाने उतरवल्या आहेत. सगळ्या सारख्याच आहेत, तरी एकही सोडू नकोस. याची एक प्रत तुलुंगना पाठवली आहे, पोथ्या कुठे आहेत आणि का आल्या नाहीत हे सांगून. एकेक प्रत कार्यकारिणीला. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअप घेऊन दारात उभी असेन, पोथ्या बांधायची कापडं आजीकडून मागून आणेन. सात तुझ्या कपाटातलीही काढून ठेव. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, हसू नकोस. वाचून झालं असेल तर आणून ठेव.

तुझीच, अजून सोळा दिवस तरी,
फाय