गोल्फच्या रानातली वहिवाट

नांदेड,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
धाकट्या शेषेरावाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत न्हाई आणि मला ओरडवत न्हाई, म्हणून पत्र. गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, टाके निघाले. पुनम पोटची लेक असून सासूसारखी नजर ठेवते. महिनाभर तिच्याकडंच बसून काढायचाय.

बसून बसून जीव उबला, तेव्हा तिच्या लेकीनं, सृष्टीनं कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. गोल्फ म्हणजे काठीनं चेंडू मारत लांबच्या खड्ड्यात घालायचा, असे अठरा खड्डे. ते मैदान आणि त्याला लागून पाव्हण्यांचं हॉटेल, सगळं आपणच उभं करायचं, आपणच चालवायचं. हसू नको, लई नाद लागलाय. बोट दाबलं की हिरवळ, पाहिजे तिथं तळं. गडी सांगितल्या वेळेला गवत कापतो, मेव्हण्याचं लग्न हाय म्हणून दांडी मारत न्हाई. पाव्हणे खूश झाले की चांदण्या देतात. रिसॉर्टला तुझंच नाव दिलंय, 'चतुराबाई'. एवढं गवत आणि एक म्हैस न्हाई, एवढंच मनाला लागतं.

एक भानगड मात्र झाली. सहाव्या खड्ड्याच्या मधून मी या बांधापासून त्या बांधापर्यंत गाडीवाट सोडली. चेंडू तिच्यावर पडून उसळतो, पाव्हणे कुरकुरतात, दोन चांदण्या गेल्या. सृष्टी म्हणाली की आबा, पलीकडं कुणाचं शेतच न्हाई, वाट कुणासाठी सोडली. मी तिला सांगितलं की रान म्हटलं की वहिवाट आलीच, ती मोडणं आपल्या घराण्यात बसत न्हाई. वाट तशीच ठेवून खेळून राहिलोय.

सीताफळांना पाणी देत जा. माया हाय तेवढी राहू दे.

तुझा,
शेषेराव


चाकूर शिवार,
२१ जानेवारी २०२५

चि. शेषेरावास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. माझ्या नावाचं हॉटेल निघालं, भरून पावले. पाव्हण्यांना सांग, चहा मिळंल पण कपबशी ज्याची त्यानं विसळायची.

आता मोठी बहीण म्हणून बोलते, राग आला तर येऊ दे. संक्रांतीला व्यंकटीची बायको तुळजा तीळगूळ द्यायला आली. ओढ्यातून आली. लुगड्याचा काठ भिजलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलात. व्यंकटी आपला चुलतभाऊ, शेताला शेत लागून. तीन वर्षांमागं त्याच्या ट्रॅक्टरखाली तुझी सीताफळाची दोन रोपं गेली. चुकलं म्हणायचं सोडून, वाटंत लावलीसच कशाला म्हणाला, हे खरं हाय. त्यावर आपल्या रानातून त्याच्या शेताला जाणाऱ्या वाटंवर तू तार ओढलीस, फाटक बसवलंस, कुलूप घातलंस. रोपं पुन्हा फुटून कमरेएवढी झाली, तुझा राग काही उतरला न्हाई. तुळजानं हातावर तीळगूळ ठेवला आणि मला गोड बोल म्हणवंना. लई वाईट वाटलं.

खेळात पलीकडं माणूस न्हाई तिथं वाट सोडतोस, आणि इथं भाऊ हाय तिथं कुलूप. पंधरा दिवसांत त्याचा हरभरा निघंल. मागल्या साली नवराबायकोनं डोक्यावर भारे घेऊन ओढा पार केला, मी दारातून बघत होते. मीच उघडलं असतं, पण किल्ली तू करदोड्याला बांधून नांदेडला नेलीस.

गुडघ्याला जप. सीताफळांना पाणी दिलं. आशीर्वाद हायेतच, बोलणी खाल्लीस म्हणून कमी व्हायचे न्हाईत.

तुझी,
अक्का


नांदेड,
३० जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शेषेरावाचा सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, राग आला. चार दिवस उत्तर लिहिलं न्हाई, नुसता खेळत बसलो. सहाव्या खड्ड्याची वाट कुठं जाते ते बघावं म्हणून चित्र सरकवत सरकवत कडेला नेलं. कडेच्या पलीकडं काहीच न्हाई, नुसता काळा पडदा. पाव्हणे तीच तीच तीन वाक्यं बोलतात. माझा गुडघा ठणकत होता, पण एवढ्या भरल्या हॉटेलात विचारणारं कुणी न्हाई.

हे पुनमला बोललो. तेव्हा ती म्हणाली की व्यंकटीकाका एक दिवसाआड फोन करून गुडघ्याची चौकशी करतात, आणि आबांना सांगू नको म्हणतात. अक्का, मला लाज वाटली. ऑपरेशनच्या आधी नर्सबाईनं करदोडा कापला होता. शुद्धीवर आलो तेव्हा पाणी मागायच्या आधी मी किल्ली मागितली होती.

ती किल्ली या पाकिटात हाय. सृष्टीनं पुठ्ठ्याला चिकटवून दिली. फाटक तू उघड. मी येईपर्यंत त्याचा हरभरा थांबायचा न्हाई. त्याला काय सांगायचं ते मला सुचंना, तू मोठी हायेस, तूच बघ.

चुकलेल्या भावावरही लोभ असू दे.

तुझा,
शेषेराव


चाकूर शिवार,
११ फेब्रुवारी २०२५

चि. शेषेरावास,
अक्काचे अ. उ. आ.

किल्ली पोचली. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली फिरंना. मी तिथं झटून राहिले होते, व्यंकटी त्याच्या बांधावरून बघत होता. थोड्या वेळानं तेलाची बाटली घेऊन आला. त्यानं तेल सोडलं, मी किल्ली फिरवली. तू किल्ली पाठवलीस एवढंच मी बोलले. तो गमज्यानं तोंड पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी आधी सीताफळांच्या बाजूनं चार खुंट रोवले, मग ट्रॅक्टर काढला. एक पान हाललं न्हाई. कुलूप मी पापडाच्या डब्याला लावलंय, ते आता परत मागू नको.

तुझ्या खेळाचं त्याला सांगितलं. चेंडूपायी एवढी पायपीट कशाला म्हणून हसला, पण सहाव्या खड्ड्याची वाट मोडू नको म्हणावं म्हणाला.

डॉक्टरनं सोडलं की एसटीनं ये. फाट्यापासून तुला चालवायचं न्हाई म्हणतो व्यंकटी, ट्रॅक्टर घेऊन न्यायला येणार हाय. आधी घरी न नेता फाटकातून थेट त्याच्या रानात नेणार हाय. हरभरा सगळा निघाला, पण ओढ्याकडचा उशिरा पेरलेला तुकडा अजून हिरवा हाय. त्याला कुणाला हात लावू देत न्हाई. शेषेराव आल्यावर हिरव्या घाट्यांचा हुळा भाजायचा म्हणतो.

वाट बघतोय, दोघंबी.

तुझी,
अक्का