बोटीवरचा राग

बाबा, परवा आगरदांड्याच्या जेट्टीवर तुझा जुना खलाशी भेटला. दिघीला जाणाऱ्या फेरीची वाट बघत बसला होता. मला ओळखून हाक मारली आणि चहा संपेपर्यंत तुझंच कौतुक करत राहिला. "तुजा बाप देवमाणूस गो. मी जाल्याची दोरी चुकीची सोडली, अर्धं जालं दर्यात गेलं. मना एक शिवी दिली न्हाय त्यानं. बोलला, जाऊं दे पोरा, नवीन विणू." मी कप हातात धरून हसत राहिले. तो दिवस मला ठाऊक आहे. अर्धं जाळं एकदाच गेलं होतं.

त्या दुपारी तू घरी आलास. भात जरा गिच्च झाला होता. ताट भिरकावलंस आणि आईचा हात पिरगळलास, मनगट मोडेपर्यंत. मी अकरा वर्षांची, चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे, तो आवाज मला ऐकू येतो आहे. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ना, आपल्या घरात वांगं कायम एकच होतं.

आजोबांनी घालून दिलेली रीत होती, बोटीवर हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, दर्याला ते खपत नाही. तू ती जन्मभर पाळलीस. तुझ्याइतका शांत तांडेल बंदरात दुसरा नाही, असं सगळे म्हणायचे. आणि आईनं त्या रीतीचा काय अर्थ लावला माहीत आहे? तुझा राग घरातच संपला पाहिजे, नाहीतर तो तुझ्याबरोबर बोटीवर चढेल आणि बोट बुडेल. म्हणून जाळं रिकामं आल्याचं कळलं की ती आपणहून तुझ्या पुढ्यात जायची. हात प्लास्टरमध्ये घेऊन मला समजावत होती, "त्याचा राग निंगाला ना, आता बोट सुखरूप येल. राग आला का त्याला कायी कलत न्हाय गो." मी ते खरं मानलं. लग्न होऊन मूल झालं तरी खरं मानत होते.

राग काढल्यानं संपत नाही, बाबा. संपायचा असता तर त्या मनगटावर संपला असता. तुझा फक्त हात सरावत गेला. आणि कळत नव्हतं म्हणावं, तर जाळं गेल्यावर तू खलाशाशी गोड बोललास, बंदरापर्यंत तोंड आवरलंस, तिथून घरापर्यंत चालत आलास, वाटेत भेटेल त्याला राम राम केलास. खलाशी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बोटीवर गेला असता. आई कुठे जाणार होती? एवढं तुला पक्कं कळत होतं. तू मेलास त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मला तुझी खरी चीड आत्ता येते आहे, तू चिडका होतास म्हणून नाही, तू शांत होतास म्हणून.

मी आता बोर्लीला शाळेत शिकवते. इतक्या वर्षांत वर्गातल्या एका पोराला टपली मारलेली नाही. बाई फार शांत आहेत, असं पालक म्हणतात. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. मी "हो सर" म्हणाले. घरी आले, आणि लेकीच्या हातून दूध सांडलं.

हे पत्र तुला चार शिव्या घालायला लिहायला घेतलं होतं. तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण पुढचं तू वाचलं असतंस. मारण्याआधी मी तिला दरवेळी चष्मा काढायला सांगते, फुटला तर नवा करावा लागेल म्हणून. त्या दिवशी सांगावंही लागलं नाही. दूध सांडताच तिनं तो स्वतःच काढून ओट्यावर ठेवला.