वर आणखी एक हात

४ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पोचले, खोली बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे तिन्ही प्रश्न संपले.

प्रयोगशाळेत काम जिवाणू ओळखण्याचं. आधी आकार पाहायचा: कुणी गोल, कुणी काठीसारखे, कुणी पिळदार. मग रंगावरून दोन घराणी पाडायची. सगळ्यांना जांभळा रंग द्यायचा, आयोडीनने पक्का करायचा आणि काचपट्टी अल्कोहोलने धुवायची. जाड भिंतीचे जांभळेच राहतात. पातळ भिंतीचे रंग सोडतात, मग त्यांना गुलाबी द्यायचा.

कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या घरची मी, मनात म्हटलं हा तर हातचा मळ. आणि तिथंच तोंडघशी पडले. माझे सगळेच गुलाबी येतात. मोठ्या बाई पुढच्या शुक्रवारी माझ्या दहा काचपट्ट्या तपासणार. चुकले तर नोकरी कायम होणार नाही. फार भीती वाटते गं.

लोभ आहेच, तो धुण्यात जाऊ देऊ नये.

तुझी ठकी

८ जून

चि. ठकीस अ. उ. आ.

मला जिवाणू कळत नाहीत, धुणं कळतं. मी शिकवलं तसंच धुतेस ना, पाणी नितळ आलं की वर आणखी एक हात? जांभळा तिथंच जात असेल. नितळ दिसलं की हात आवर.

तुझे बाबा म्हणाले, नापास झाली तर इथं रंगाचा हौद घासायला जागा रिकामी आहे. आज त्यांनाच घासायला लावलाय.

आत्या

१३ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दहापैकी दहा. गोल घडच्या घड जांभळे, काठ्या गुलाबी. नोकरी कायम झाली.

बाई म्हणाल्या, फार वेळ धुतलं तर जाड भिंतीचेही रंग सोडतात. तुझ्या त्या वरच्या हाताचं ऐकून खूप हसल्या. कापडाला तरी तो लागतो का, असं त्यांनी विचारलंय.

बाबांना सांग, हौद त्यांचाच.

ठकी

१८ जून

चि. ठकीस अ. उ. आ.

बाईंना सांग, नाही लागत. मी तुझ्याएवढी असताना एका कापडाचा रंग दुसऱ्याला लागला, आणि तुझे आजोबा मला चारचौघांत बोलले. तेव्हापासून भीतीने धूत राहिले. तीस वर्षं चांगला रंग मोरीत घातला, वर तुलाही तेच शिकवलं.

काल पहिल्यांदा नितळ पाण्यावर थांबले. निळी चादर दोरीवर आहे. तुझे बाबा तीनदा बघून गेले. मी मोजलंच नाही.

माया आहे तशीच आहे, ती पक्की.

आत्या