अकराशे खुंट्यांचं निमित्त

साखर कारखान्याची वस्ती,
देवगाव फाट्याजवळ
९ ऑक्टोबर १९७४

आदरणीय भगवानराव यांना सूर्यभानचा सप्रेम जयभीम.

आईंचे गुडघे, तुमची शाळा आणि सोनपेठचं पाऊसपाणी ठीक असेल असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे. भाकरी तेवढी एका बाजूने करपते (दुसऱ्या बाजूने कच्ची राहते, म्हणजे सरासरी बरी). तुमच्या बहिणीला, सत्यशीलेला, न्यायला रविवारी येतो असं कळवून मी आलो नाही, त्यामुळे तुम्ही रागावला असाल. पण आधी ऐकून घ्या.

आमच्या बॉयलरच्या भट्टीला आतून आगीला दाद न देणाऱ्या काँक्रीटचा जाड थर देतात. तो नुसता पत्र्याला चिकटून राहत नाही, म्हणून आधी पत्र्यावर दोन शिंगांच्या लोखंडी खुंट्या वेल्डिंगने बसवायच्या आणि त्यांनी थर धरून ठेवायचा. अशा अकराशे खुंट्या मी एकट्याने बसवल्या. आता लोखंड तापलं की वाढतं, आणि जागा नसेल तर काँक्रीट फोडतं. म्हणून प्रत्येक खुंटीच्या टोकांना डांबर लावायचं. पहिल्या आगीत ते जळून जातं आणि खुंटीला हातपाय पसरायला जागा राहते. (हे मी सत्यशीलेला रोज जेवताना समजावत असे. आठ महिने तिने ऐकलं. मग म्हणाली, "तुमाला भट्टीसंगच नांदायचं हाय, तर मी कशाला?" आणि ट्रंक भरली. या वस्तीत तिला बोलायला दुसरं कोणी नव्हतं आणि मी एवढंच बोलत होतो, हे ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.)

शुक्रवारी सकाळी शेवटच्या खुंटीला डांबर लावलं आणि सासुरवाडीला जायचं म्हणून फाट्यावर दाढी-कटिंगला गेलो. परत येऊन पाहतो तर सगळ्या खुंट्या नव्या ताटल्यांसारख्या लखलखीत. सोमवारी चेअरमनसाहेब पाहणीला येणार, म्हणून नर्मदाबाई आणि तिच्या जोडीच्या मजूर बायकांनी रॉकेल आणि चिंध्या घेऊन सगळं डांबर पुसून काढलं होतं. (रेशनवर न मिळणारं रॉकेल यांना कुठून मिळालं, हे विचारायचं राहिलं.) नर्मदाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मिस्तरी, लय काळं दिसायलं होतं. आता कसं लग्नघरावानी झालंय." मला रागावता येईना. इतक्या मायेने माझं काही कोणी आवरून ठेवल्याला तीन महिने झाले होते. मी सगळ्यांना चहा पाजला आणि डांबराचा डबा पुन्हा उघडला. पुन्हा अकराशे. त्यात रविवार बुडाला.

बाकी सगळं ठीक. संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज होतो, तेवढाच घरातला आवाज. मला तिची फार आठवण येते, हे सरळच लिहितो.

आईंना आणि वहिनींना जयभीम सांगावा.

आपला,
सूर्यभान

ता. क. – वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. बायकांनी हात दिला आणि डांबर शनिवारीच लागून झालं. रविवारी मी सोनपेठला आलो होतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. सत्यशीला ओट्यावर ज्वारी निवडत शेजारणींशी बोलत होती, मोठ्याने हसत होती. आमच्या घरी ती अशी कधी हसली नाही. मी परतीच्या गाडीने आलो.

आणखी एक – मी आलो तर येशील का, असं तिला एकदा विचारा. हो म्हणाली तर कार्ड टाका. नाही म्हणाली तर काहीच लिहू नका. इकडे टपाल फार उशिरा येतं, असं मी समजत राहीन.