पाणकोळ्या, त्याला सांग

तळ्याचा धक्का,
१२ ऑगस्ट १९९३

मर्लीनताई,

पुन्हा तेच लिहिलंस. मी कुठं टिकत नाही, गुरांकडचं काम सोडलं, खाण सोडली, आता होडीवरचंही सोडणार. निदान खुशाली तरी विचारायचीस. बरा आहे. आईला सांग, जाड झालोय, इथं रोज मासा असतो.

आपल्या लाल मातीत एवढं पाणी कुणी बघितलंय, ताई? सकाळी होडी निघाली की रानबदकं अशी उठतात की समोरचं झाड दिसत नाही. कमळपक्षी पानांवरून चालत जातात. मगर ओंडक्यासारखी पडून असते आणि होडीतून फिरायला आलेले पाहुणे ओंडक्यांचेच फोटो काढतात.

होडी डॉटीमावशी चालवतात. हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर ओंजळभर पाणी ओतलं आणि तळ्याला ओरडून सांगितलं, "हा लांबून आलाय. ओळख ठेव, खाऊ नकोस." मग मला म्हणाल्या, "वाळवंटातल्या सरड्या, उतर आता." तेव्हापासून दिवसभर माझी टिंगल. घरची आठवण यायला वेळच देत नव्हत्या.

गेल्या सोमवारी मात्र एकदम गप्प. माझ्याकडे पाठ केली. दोर सोडायचा होता, तर खांबावर बसलेल्या, थैलीच्या चोचीच्या पाणकोळ्याला म्हणाल्या, "पाणकोळ्या, त्या पोराला सांग, दोर सोड." पाहुणे हसले. मी मान खाली घालून दोर सोडला.

कारण त्यांची थोरली मुलगी, टालिया. तिच्याबद्दल तुला लिहायचं राहून गेलं होतं. कमळाचे देठ सोलायला तिनंच शिकवलं. लिहिलं बघ आता.

वाटलं, मावशींना आमचं कळलं, आता हाकलणार. बॅग भरली. दारात त्यांचा भाऊ, अल्बीमामा.

"कुठं निघालास?"

"मावशी बोलत नाहीत."

मामा हसत हसत खालीच बसला. "अरे गाढवा, तुमच्याकडे सासू जावयाशी गप्पा मारते का?"

मला हे माहीत नाही होय, ताई? आपली आजी, आईची आई, बाबांना बघून रस्ता सोडायची. पण भीतीत सुचलंच नाही. मामानं दोन्हीकडची कुळं आधीच मोजून बघितली होती, जुळतात. म्हणाला, "तू पसंत नसतास, तर तोंडावर शिव्या घातल्या असत्या तिनं."

बॅग रिकामी केली. मावशींच्या शिव्या कायमच्या गेल्या, एवढंच वाईट वाटतं. काल मासा भाजून पानावर ठेवला आणि पाठ फिरवून कुत्र्याला म्हणाल्या, "त्याला सांग, पोटाकडचा तुकडा त्याचा."

पण लग्नाचं बोलायला मी आता त्यांच्यासमोर उभाही राहू शकत नाही. आपल्याकडचं थोरलं माणूस हवं. तू आणि आई या. राहिलेलं भांडण इथं येऊन कर, टालियासमोर केलंस तरी चालेल.

इथंच असलेला,
तुझा लेरॉय

ता. क. दोघींचं जायचं-यायचं बसभाडं पाठवतोय, तीनशे ऐंशी डॉलर. माझं परतीचं धरलेलं नाही. तीनशे ऐंशी डॉलर.